शेऱ्याचा रकाना

मी हिशेबाचा माणूस.
त्र्यंबक रोडवरच्या कचेरीत, खिडकीपासून तिसरं टेबल.
माझ्याकडे येणाऱ्या फायलींना ताप नसतो,
बिलं असतात.

गांगुर्डे सिस्टरांचं बिल होतं.
पेठ नाक्यावर लसीकरण, सहा सत्रं :
रिक्षाभाडं, डबा नेण्या-आणण्याचं,
घडीचं टेबल, छत्री एक,
चहा अकरा कप.
भागिले टोचलेली पोरं.
दवाखान्यात एक टोचणी जेवढ्यात पडते
त्याच्या जवळजवळ तिप्पट.
मी लाल पेनाने गोल केला. खुलासा करावा.

खुलासा एका ओळीचा आला :
साहेब, पावणेसातला नाक्यावर या.

गेलो. मार्गशीर्षातली थंडी,
कानटोपी घालून सरकारी चेहरा लपत नाही.
पिकअप उभ्या होत्या, इंजिनं चालू.
"चार बाया पाहिजेत, मोहाडीला, विरळणीला!"
"साडेतीनशे." "चारशे." "बसा."
कडेवरची पोरं भावात धरत नव्हते.

हिरा भोये, सुरगाण्याकडची,
तीन रात्री पुलाखाली काढलेली,
पोरगी साडेनऊ महिन्यांची, नाकाला शेंबूड.
मी विचारलं, दवाखाना इथून दोन किलोमीटर,
फुकट आहे, का नाही नेलं?
ती माझ्याकडे बघून हसली, वाईट नाही, नुसती हसली.
"दवाखाना फुकट हाय,
पन दवाखान्याचा दिस चारशेचा हाय."

दवाखाना नऊला उघडतो.
गाडी सातला सुटते.
एवढं गणित मला बावीस वर्षांत कुणी घातलं नव्हतं.

त्या दिवशी धुक्यामुळे
गोवराच्या लसीला पोर एकच.
कुपी दहा डोसांची,
एकदा फोडली की चार तास, मग कचरा.
सिस्टरांनी कुपी हातात धरली
आणि माझ्याकडे पाहिलं,
परवानगी मागायला नाही,
मी काय करतो ते बघायला.
माझ्या ओठांवर नऊ हा आकडा आला होता.
मी तो चहाबरोबर गिळला.
त्यांनी पाणी मिसळलं, काचेवर वेळ लिहिली, सहा बावन्न.

पोरगी अशी रडली की
दोन शेतमालकांनी भाव करणं थांबवलं.

"अर्धा तास बसायचं इथं," सिस्टर म्हणाल्या.
पिकअपवाल्याने हॉर्न दाबून धरला.
तेव्हा आशाताई, जिजा पवार,
शांतपणे पुढच्या सीटवर चढून बसली :
"मग मलाच ने विरळणीला.
कात्री हाय का?"
तो थांबला. शिव्या देत, पण थांबला.

दहापर्यंत आणखी तिघं सापडली,
पुलाखालची जुळी
आणि शेंगदाणेवालीचा नातू, हातात पुडी घट्ट धरलेला.
सहा वाया गेले. ते मी लिहिले.

ऑफिसात येऊन जुनी फाईल काढली,
मागच्या उन्हाळ्यातली, वीटभट्टीवरची :
गोवर, एकोणीस पोरं, सिव्हिलमध्ये,
रुग्णवाहिकेच्या फेऱ्या, सलाईन, जादा खाटा,
आणि एका पोराच्या नावापुढे
बिल मध्येच थांबलेलं.
सगळ्या पानांवर माझी सही. कुठेही लाल गोल नाही.
आजारपणाचा खर्च
मला कधी महाग वाटलाच नव्हता.

न आलेला ताप
कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा?
त्याची पावती नसते,
त्याला बिल क्रमांक नसतो,
तो मोहाडीच्या बांधावर झोळीत झोपलेला असतो
आणि आई घडातले मणी कातरत असते.

शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
त्यात मावलं एवढंच लिहिलं :
खर्च रास्त. छत्री मोठी घ्यावी.

पुढच्या महिन्याच्या बिलात
चहा बारा कप होता.
बारावा माझा.
मी पेनाचं टोपण लावलं.